कमी होतोय की वाढतोय?

नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा पहिल्या महिन्यातच येते, आणि तिचे शब्दही जवळपास ठरलेले असतात. ‘दोनवरून तीनवर जाताना झटका मारते.’ ‘सकाळी गिअर लवकर पडत नाहीत.’ ‘सिग्नलला थांबता थांबता मागून कुणी ढकलल्यासारखं होतं.’ हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून घरी आणलेली गाडी. पंधरा-सोळा लाख गेलेले, त्यात बँकेचा वाटा मोठा. अशा गाडीनं झटका दिला की माणूस चिडतो कमी, धास्तावतो जास्त. नेमका खराब पीस आपल्याच नशिबी आला, हे त्याच्या मनानं घेतलेलं असतं. माझं काम त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारून यायचं आणि त्यातलं आपोआप जाणारं किती, न जाणारं किती, हे ठरवायचं.

हे काम माझ्याकडे आपसूक आलं. साताऱ्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि पुण्यात आलो. त्या काळी वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गाडी लिफ्टवर चढली की चारजण हातातलं काम टाकून बघायला यायचे. मी क्लच प्लेटा, सिंक्रोच्या रिंगा बदलायचो. मग कंपनीनं ट्रान्समिशनच्या ट्रेनिंगला एक माणूस मागितला. ट्रेनिंग परगावी, तेही महिनाभर. ज्यांची लग्नं झाली होती त्यांनी अंग काढून घेतलं, माझं व्हायचं होतं म्हणून मला पाठवलं. आता वारज्याकडच्या आमच्या वर्कशॉपात ऑटोमॅटिकची तक्रार आली की सुपरवायझर जॉब कार्डाच्या कोपऱ्यात माझं नाव लिहितो आणि किल्ली टेबलावर ठेवतो.

एक शिक्षिका आल्या होत्या, धायरीच्या. गाडी जेमतेम चारशे किलोमीटर चाललेली, सहा गिअरांची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. ‘दोन-तीनला झटका’ ही तक्रार. मी त्यांनाच चालवायला सांगितलं. ग्राहकाच्या हाताखाली, म्हणजे खरं तर पायाखाली, गाडी जशी वागते तशी ती माझ्याकडे वागेलच असं नाही. मी शेजारी बसलो, स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर जोडला आणि चार आकडे उघडे ठेवले: गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचे आरपीएम, बाहेर जाणाऱ्याचे, चालू गिअर आणि ऑइलचं तापमान. निघालो तेव्हा ऑइल ४० अंशांच्या खाली होतं. सर्व्हिस रोडला पहिल्यांदा दोनवरून तीन पडला तेव्हा आत येणाऱ्या शाफ्टचा आकडा खाली यायच्या आधी किंचित वर उडाला, मग धाडकन खाली आला, आणि त्याच क्षणी सीट हलली.

“हा बघा, हाच!” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा सुटकाच जास्त होती. गाडी नेमकी वर्कशॉपमध्ये गुणी बाळासारखी वागते आणि मेकॅनिक आपल्याला वेड्यात काढतो, ही भीती सगळ्यांना असते.

बायपासला लागून परत फिरेपर्यंत ऑइल ७५-८० पर्यंत गेलं. झटका राहिला, पण अर्धा झाला. मी म्हटलं, “मॅडम, एक सांगा. घेतली त्या दिवशी होता तेवढाच आहे, कमी होतोय, की वाढतोय?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “पहिल्या आठवड्यात जास्त होता बहुतेक,” म्हणाल्या. मी ऑइलची पातळी तपासून घेतली, फॉल्ट कोड कुठलाच नव्हता, आणि गाडी तशीच परत दिली. काहीच न करता गाडी परत देणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. ग्राहकाला वाटतं टाळलं, आणि सुपरवायझरला वाटतं बिल झालं नाही.

त्या झटक्याच्या मागं काय असतं ते जरा सांगतो, कारण ‘सॉफ्टवेअर आहे, शिकतं’ एवढंच सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते आणि त्यात निम्मी गोष्ट राहून जाते.

सहा गिअरांच्या ऑटोमॅटिकमध्ये सहा क्लच नसतात. अनेक बनावटींत पकडणाऱ्या गोष्टी पाचच: तीन क्लच आणि दोन ब्रेक. कुठल्याही गिअरला त्यातल्या दोन धरलेल्या असतात. दोनवरून तीनवर जायचं म्हणजे एक तसाच धरून ठेवायचा, दुसरा सोडायचा आणि तो सुटता सुटता तिसरा धरायचा. धरायचा म्हणजे पिस्टनच्या मागं दाबानं ऑइल भरायचं. पिस्टन किंचित सरकतो, चकत्यांमधली फट मिटते आणि चकत्या एकमेकींना धरतात. ऑइल अंमळ जास्त गेलं तर नवा क्लच लवकर धरतो. जुना तोवर सुटलेला नसतो, दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि झटका बसतो. कमी गेलं तर जुना सुटलेला, नवा अजून धरलेला नाही. इंजिन क्षणभर मोकळं सुटतं, आरपीएम वर उडतो आणि मग धप्पदिशी खाली येतो. मॅडमच्या गाडीत दिसला तो हा दुसरा प्रकार. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

जुन्या ऑटोमॅटिकमध्ये एकाच दिशेनं फिरू देणारे फ्रीव्हील बसवलेले असायचे. वेळ थोडी चुकली तरी ते सांभाळून घ्यायचे. पुढं वजन आणि जागा वाचवायला ते काढत गेले आणि सगळी भिस्त ऑइलच्या दाबाच्या वेळेवर आली. क्रायस्लरनं १९८९ साली अमेरिकेत अल्ट्राड्राइव्ह नावाचा चार गिअरांचा गिअरबॉक्स आणला. तो पूर्ण इलेक्ट्रॉनिक होता, आणि प्रत्येक शिफ्ट मोजून पुढची सुधारून घ्यायची ही पद्धत त्यात होती. फ्रीव्हील काढून टाकल्यावर शिकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, असंही म्हणता येईल.

गिअरबॉक्स कारखान्यातून निघतानाच जर नीट बसवलेला असेल तर पुन्हा शिकायचं काय, असं विचारतात. त्याचं उत्तर मला वर्कबेंचवर मिळालं. क्लचचा संच खोलला की आत चकत्यांची चळत असते, एक साधी पोलादाची, एक अस्तर लावलेली, अशा आलटून-पालटून. अस्तर तपकिरी, जाड कागदासारखं दिसतं, आणि ते खरोखर कागदाच्याच जातीचं असतं: तंतू आणि रेझिन. बसवायच्या आधी ते गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये चांगलं भिजत ठेवावं लागतं. सगळं रचलं की वरची फट फिलर गेजनं मोजायची. फट मापात बसत नसेल तर वेगळ्या जाडीची सर्क्लिप घालायची. ‘मापात’ म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत. मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक चालतो, आणि तेवढ्या फरकानं पिस्टनमागं भरायचं ऑइल बदलतं. ऑइल सोडणारे सोलेनॉइडही जुळे नसतात. म्हणून कारखान्यात प्रत्येकाचं वागणं मोजतात. अनेक गिअरबॉक्सवर त्याचा कोड चिकटवलेला असतो आणि कंट्रोल युनिट बदललं तर तो कोड नव्या युनिटला भरावा लागतो. म्हणजे एकाच लाइनवरून पाठोपाठ उतरलेले दोन गिअरबॉक्ससुद्धा एकसारखे नसतात. सगळ्यांना एकच सरासरी देऊन बाहेर पाठवतात आणि पुढचं ज्याचं त्यानं चालता चालता जुळवून घ्यायचं असतं.

शिवाय चकत्या नव्या असतात. नव्या अस्तराचा पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण वेगळं निघतं, तसं या चकत्यांचं पहिलं धरणं वेगळं. वरचे उंचवटे दबले की पकड स्थिर होते. बरीच चाललेली चकती उघडली तर ती गुळगुळीत आणि गडद झालेली दिसते. म्हणजे कंट्रोल युनिट ज्या चकत्यांना जुळवून घेतंय, त्या चकत्याच त्या दिवसांत बदलत असतात.

जुळवून घेण्याची रीत अगदी साधी. दोन्ही शाफ्टचे आरपीएम बघायचे, घसरत घसरत धरायला किती वेळ लागला ते मोजायचं. ठरवलेल्यापेक्षा जास्त लागला तर पुढच्या वेळी दाब किंचित वाढवायचा, कमी लागला तर किंचित घटवायचा. एका खेपेला अगदी थोडा. आणि हेही ऑइल गरम असताना, पाय स्थिर असतानाच. मध्येच ब्रेक मारला, मध्येच पाय दाबला की ती शिफ्ट हिशेबात धरत नाहीत. प्रत्येक गिअर-बदलाचा हिशेब वेगळा. इथंच पुण्याची गंमत सुरू होते. सिंहगड रोडनं रोज डेक्कनला जाणाऱ्या गाडीत एक-दोन-तीन दिवसातून शेकडो वेळा पडतात, ते महिन्याभरात मऊ होतात. पाच आणि सहा तसेच कोरे राहतात. मग दिवाळीची सुट्टी लागली की तीच मंडळी कोल्हापूरला निघतात आणि खेड शिवापूरच्या पुढं मला फोन येतो: ‘अहो, आता पाच-सहाला झटका सुरू झाला.’ सुरू झालेला नसतो, भेट आत्ता झालेली असते.

सकाळच्या तक्रारीचं तर मूळच वेगळं. डिसेंबरच्या पहाटे गाडी काढली की ऑइल गार आणि दाट. इंजिन आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावेत म्हणून बऱ्याच गाड्या मुद्दाम खालचा गिअर जास्त वेळ धरतात, टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अपही लावत नाहीत. दोन-चार किलोमीटर गेलं की आपोआप सुरळीत. ही तक्रार दुसऱ्या वर्षीही असते आणि पाचव्याही, फक्त दुसऱ्या वर्षी कुणी करत नाही.

मॅडम पहिल्या सर्व्हिसला आल्या तेव्हा झटक्याचं नावही काढलं नाही. मीच विचारलं. “अय्या, हो की! गेला तो,” म्हणाल्या. पुन्हा एक चक्कर मारली. स्कॅनरवर आरपीएमचा तो उडालेला टप्पा जवळजवळ गेलेला. पण आकड्यांबरोबर मी त्यांचा पायही बघत होतो. पहिल्या दिवशी गिअर पडायच्या वेळीही पाय एकसारखा दाबलेला असायचा. आता वेग धरत आला की पाय नकळत जरा सैल व्हायचा, आणि गिअर नेमका तिथं पडायचा. त्यांनी विचारलं, “गाडी शिकली म्हणायची का माझ्या पद्धतीनं चालायला?”

या प्रश्नावर मी फार वर्षं ‘हो’ म्हणत आलो. सेल्सवालेही तेच सांगतात, ऐकायला छान वाटतं. पण खरं बोलायचं तर दाबाचं जे शिकणं आहे त्यात तुमच्या पद्धतीचा काही संबंध नाही. ते चकत्या, फट, सोलेनॉइड यांच्याशी जुळवणं आहे. तुमच्या जागी दुसरा कुणी चालवत असता तरी आकडे त्याच दिशेनं सरकले असते. स्वभाव ओळखून गिअर लवकर किंवा उशिरा टाकणं हे वेगळं प्रकरण. ते अनेक गाड्यांत असतं, पण ते पाय कसा पडतोय, चढ आहे की उतार, ब्रेक किती वेळा लागतोय हे बघून तेवढ्यापुरतं ठरतं आणि पाय शांत झाला की थोड्या वेळात मूळपदावर येतं. मालकाचा स्वभाव महिनोन् महिने मनात धरून ठेवणारी गाडी माझ्या तरी लिफ्टवर आलेली नाही. उरतो तिसरा शिकणारा, पाय. पहिल्या महिन्यात गाडी सुधारली असं जे वाटतं, त्यातला मोठा वाटा मी आता त्यालाच देतो. मोजून दाखवता येणार नाही, पण इतक्या चकरा मारल्यावर एवढं म्हणायचा हक्क आहे असं मला वाटतं.

याचा रोकडा पुरावा म्हणजे एएमटी. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीनं सेलेरिओ आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही एकच आणि कोरडा. फक्त पेडल काढून क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटरकडे दिलेलं. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही, आणि बसलेल्यांच्या माना एकदम पुढं झुकतात. हे त्या रचनेतच आहे, कितीही शिकवलं तरी पूर्ण जात नाही. क्लच नेमका कुठं पकडतो, ज्याला आम्ही ‘किस पॉइंट’ म्हणतो, ते युनिट शिकतं. प्लेट झिजेल तशी ती जागा सरकते, तीही ते टिपत जातं, आणि प्लेट बदलली की स्कॅनरवरून आम्हाला ते पहिल्यापासून शिकवावं लागतं. पण मान झुकणं कमी होतं ते पायानं. गिअर पडायच्या वेळी पाय किंचित उचलायचा, झालं. हे कुणी सांगितलं नाही तरी लोक दीड-दोन महिन्यांत शिकतात आणि मग शेजाऱ्याला सांगतात, ‘सुरुवातीला मारायची झटके, आता सेट झाली.’

शिकायला सगळ्यात कमी वेळ कुणाला लागतो? स्कूटर चालवणाऱ्या बायकांना. हे शहर गिअर नसलेल्या गाडीवर आधीच वाढलेलं आहे. फिरोदियांची कायनेटिक होंडा १९८४ ची, बटण स्टार्ट, पट्ट्यावर चालणारी. कित्येक घरांत आईनं आणि नंतर मुलीनं त्यावरच हात बसवला. त्यांना जोर देण्याची आणि जोर सोडण्याची लय माहीत असते, आणि डाव्या पायाला क्लचची सवय लागलेली नसते. उलट वीस-पंचवीस वर्षं मॅन्युअल चालवलेला माणूस पहिल्याच सिग्नलला डावा पाय सवयीनं हाणतो, क्लचच्या जागी रुंद ब्रेक पेडल असतं, आणि मागचा रिक्षावाला काय म्हणायचं ते म्हणतो. मी पहिल्या चकरेला सांगतोच: डावा पाय मागं ओढून ठेवा, त्याला आता काही काम नाही.

मॅन्युअलची आणखी एक सवय लवकर जात नाही, आणि तिच्याबद्दल मी जरा कडक बोलतो. उतार आला की न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला तर उतारावर इंधन जवळपास पूर्ण तोडलं जातं. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला ते उलट सोडावं लागतं. वाचत काहीच नाही, फक्त इंजिन ब्रेक जातो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या जड वाहनांनी काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको. ऑटोमॅटिकमध्ये तर उतार आणि ब्रेक ओळखून गाडी स्वतःच खालचा गिअर धरते. मग तक्रार येते, ‘खंबाटकीत उतरताना आपोआप आवाज करते.’ करू द्या. ते तिचं कामच आहे.

आता रिसेटबद्दल. स्कॅनरमध्ये एक पर्याय असतो, त्यानं शिकलेले सगळे आकडे पुसले जातात आणि गाडी कारखान्याच्या सरासरीवर येते. झटक्याची तक्रार आली की अनेक ठिकाणी पहिलं बोट त्यावरच जातं. दोन मिनिटांचं काम, ग्राहकाला ‘सॉफ्टवेअर केलं’ असं सांगता येतं, आणि दोन-चार दिवस त्याला फरकही वाटतो. पण नव्या गाडीवर हे करणं म्हणजे तिनं चारशे किलोमीटरमध्ये जे जमवलं ते फेकून देणं. जुन्या गाडीवर करणं त्याहून वाईट, कारण घसरणारा क्लच सांभाळायला युनिटनं दाब कुठवर वाढवला होता तो आकडा, जो आम्हाला रोगाची खूण देतो, तोच पुसला जातो. रिसेटची खरी गरज असते ती चकत्या, व्हॉल्व्ह बॉडी किंवा ऑइल बदलल्यावर. तेव्हासुद्धा रिसेट करून गाडी पार्किंगला लावायची नसते. ऑइल तापवून, मोकळ्या रस्त्यावर, हलक्या पायानं पहिल्यापासून वरपर्यंत चढायचं, मग ब्रेकवर हळूहळू थांबायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा थांबायचं, आकडे जागेवर येईपर्यंत. संध्याकाळी सहाच्या डिलिव्हरीच्या गर्दीत हे कोण करणार? कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर आलं आणि सर्व्हिसमध्ये भरलं तरीही शिकलेलं पुसलं जाऊ शकतं. मग गाडी घरी नेताना माणसाला वाटतं की सर्व्हिसवाल्यांनी चांगली गाडी बिघडवली. त्याला आधी सांगितलं तर तो फोन करत नाही. सांगायला एक मिनिट लागतं.

‘सेट होईल’ हे वाक्य मात्र मी जपून वापरतो. बारामतीकडचे एक गृहस्थ आले होते, रोपवाटिका आहे त्यांची. सकाळी डीमध्ये टाकल्यावर गाडी धरायला वेळ लावते, ही तक्रार. आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवून झालं होतं, तिथं त्यांना ‘नवी गाडी आहे, सेट होईल’ असं सांगितलं होतं. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते पटकन म्हणाले, “वाढतोय. आधी लक्षातच यायचं नाही. आता डी टाकतो, आरसा बघतो, पट्टा लावतो, मग धरते.” जुळवून घेणारी गोष्ट अशी वाढत नाही. रात्रभर उभ्या गाडीत पहिल्या वेळी धरायला उशीर होतोय आणि तो वाढतोय, म्हणजे आधी ऑइल बघायचं.

त्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नव्हती, हल्ली बऱ्याच जणांना नसते. गाडी लिफ्टवर सपाट ठेवून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ४० अंशांच्या आसपास आलं की खालचा लेव्हल प्लग उघडायचा. पातळी बरोबर असेल तर बारीक धार येऊन थेंब थेंब गळतं. तिथं एक थेंब आला नाही. त्यांच्या अंगणात कधी डाग पडला नव्हता, त्यामुळं गळतीचा संशय त्यांनाही नव्हता आणि आधीच्यांनाही. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तेव्हा ते आतून लाल ऑइलनं माखलेलं. कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडातून थोडं थोडं झिरपत होतं आणि कव्हरातच साठत होतं. सील बदलली, पातळी भरली, उशीर गेला. आणखी दोन महिने ‘सेट होईल’ची वाट बघितली असती तर अपुऱ्या दाबावर क्लच जळाले असते.

तशाच आणखी काही खुणा आहेत, ज्यांची वाट बघायची नसते. सपाट रस्त्यावर, पन्नास-साठच्या वेगात, हलक्या पायावर गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत. तो लॉक-अपचा क्लच असू शकतो. आरपीएम उडतो आणि दर आठवड्याला जास्त उडतो. जळकट वास. दिवा लागला असेल तर प्रश्नच नाही. आणि ऑइलच्या बाबतीत, ‘जन्मभर बदलायची गरज नाही’ असं काही गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकतो.

मघाशी रिसेटचं बोललो, त्यावरून आठवलं. कोथरूडचे एक काका आणि त्यांचा मुलगा, दोघांची मिळून एक गाडी. आठवडाभर काका चालवतात, शनिवार-रविवार मुलगा ताम्हिणीत नेतो. मुलाचं म्हणणं, बाबांनी गाडी मंद करून ठेवली. काकांचं म्हणणं, यानं ती उधळायला शिकवली, सोमवारी बँकेत जाताना नुसती खेचते. दोघांनाही रिसेट हवा होता, मुलाला शुक्रवारी आणि काकांना रविवारी रात्री, आणि त्यासाठी ते पैसे द्यायलाही तयार होते. मी दोघांना घेऊन बायपासला गेलो. आधी मुलाला बसवलं. त्यानं दाबली, गाडी गिअर वर टाकेना, रेस धरून राहिली. मग चांदणी चौकाच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन काकांना बसवलं. मधे बंद केली नाही, काही पुसलं नाही. पहिला पाऊण किलोमीटर ती जरा चढ्या आवाजात गेली आणि मग तीन, चार, पाच पटापट पडले.

“म्हणजे हा बसला की याचं ऐकते?” काकांनी विचारलं.

“आणि तुम्ही बसलात की तुमचं, काका.”

मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, “मग सोमवारी खेचते का म्हणतात हे?”

मी काकांच्या पायाकडे बोट दाखवलं. मुलाला सीट मागं सरकवून चालवायची सवय, आणि काका सोमवारी घाईत सीट पुढं न घेताच निघायचे. लांबवलेल्या पायानं पेडल हलकं दाबता येत नव्हतं. सीट दोन खाचा पुढं घेतली. जॉब कार्डावर लिहिलं: फॉल्ट कोड नाही, ऑइल ८२ अंश, सर्व शिफ्ट ठीक, रिसेट केलेला नाही, चालकाची सीट पुढे घेतली. सुपरवायझरनं ते वाचलं आणि याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं म्हणून मलाच विचारलं.